गाळलेले आणि दडवलेले : व्हिडिओ गेमची संहिता आणि पाठचिकित्सेचे काही प्रश्न

१. प्रास्ताविक

'संहिता' हा शब्द उच्चारताच मुद्रित साहित्याच्या अभ्यासकाला जी वस्तू अभिप्रेत असते, ती बव्हंशी स्थिर असते. लेखकाने खोडलेल्या ओळी हस्तलिखितात राहतात, छापील पुस्तकात येत नाहीत. वाचकाच्या हाती पडते ती निवड झालेली, साफसूफ केलेली प्रत. खर्डा आणि ग्रंथ यांच्यातील हे अंतर आपल्या विद्याशाखेने इतके गृहीत धरलेले आहे की, खर्डा ग्रंथाच्या आतच शिल्लक राहिला तर काय होईल, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. गेल्या पाच दशकांत घडत गेलेल्या व्हिडिओ गेम या कलाप्रकाराने मात्र तो प्रश्न उभा केला आहे. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा आणि पाठचिकित्सेच्या भारतीय, विशेषतः महाराष्ट्रातील, परंपरेच्या प्रकाशात त्याचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

या विचाराचे निमित्त भिलाईचे आहे. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत विदर्भातून आलेल्या मराठी कुटुंबांची तिसरी पिढी आता नांदते आहे. तेथील वास्तव्यात अशाच एका घरातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने मला एका जुन्या खेळातील एक प्रसंग दाखवला. खेळ प्रसिद्ध झाला तेव्हा तो प्रसंग खेळाडूला दिसत नव्हता. मात्र त्यातील ध्वनिमुद्रित संवाद तबकडीवर होते. पुढे काही हौशी अभ्यासकांनी ते शोधून पुन्हा जोडले. प्रसंग संपल्यावर त्याने विचारले, "सर, हे त्यांनी गाळलं होतं, पण तबकडीवर तर होतंच. मग हे खेळाचा भाग आहे की नाही?" त्या वेळी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. हा प्रश्न मुळात पाठचिकित्सेचा आहे आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी साहित्याच्या अभ्यासकांवरही येते, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

आरंभीच एक भेद करणे आवश्यक आहे. दडवलेला तपशील आणि गाळलेला मजकूर यांची चर्चा अनेकदा एकत्रच केली जाते, परंतु या दोन गोष्टी परस्परविरुद्ध हेतूंतून जन्मतात. दडवलेली गोष्ट कोणाला तरी सापडावी, अशी कर्त्याची इच्छा असते. गाळलेली गोष्ट कोणाला दिसू नये, असा त्याचा, किंवा त्याच्यावर अधिकार चालवणाऱ्याचा, निर्णय असतो. खेळाडूला दोन्ही सापडतात त्या एकाच पद्धतीने, म्हणजे खोदून. म्हणूनच त्यांची गल्लत होते.

२. दडवलेले : हरवलेली नाममुद्रा

दडवलेल्या तपशिलाचे सर्वाधिक प्रसिद्ध उदाहरण १९८० साली आलेल्या 'अ‍ॅडव्हेंचर' या खेळातील आहे. अटारी कंपनीच्या घरगुती यंत्रासाठी वॉरन रॉबिनेट यांनी तो एकट्याने रचला. संपूर्ण खेळ ४,०९६ बाइटच्या स्मृतीत बसवायचा होता. आजच्या एखाद्या सामान्य छायाचित्रालाही त्याच्या कितीतरी पट जागा लागते. त्या काळी खेळ रचणाऱ्याचे नाव खेळावर किंवा वेष्टनावर छापण्याची या कंपनीची पद्धत नव्हती. या आणि मोबदल्याविषयीच्या असंतोषातूनच १९७९ साली तिचे काही रचनाकार बाहेर पडले आणि त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी स्थापन केली.

रॉबिनेट यांनी वेगळा मार्ग पत्करला. खेळातील एका चक्रव्यूहाच्या बंदिस्त भागात त्यांनी पार्श्वभूमीच्याच रंगाचा, त्यामुळे जवळजवळ अदृश्य असलेला, एक ठिपका ठेवला. तो ठिपका उचलून विशिष्ट जागी आणला आणि तेथे इतर वस्तूही असल्या, तर एक भिंत ओलांडता येते आणि खेळाडू एका गुप्त कक्षात पोहोचतो. तेथे हा खेळ वॉरन रॉबिनेट यांनी निर्माण केला, असे लिहिलेले आढळते. ही गोष्ट त्यांनी कंपनीत कोणालाही सांगितली नाही. एका किशोरवयीन खेळाडूने पत्र लिहून ती कंपनीच्या निदर्शनास आणली, तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेले होते. कंपनीने तो कक्ष काढला नाही. उलट, ईस्टरच्या सणात मुलांनी शोधायच्या रंगीत अंड्यांवरून अशा दडवलेल्या गोष्टींना 'ईस्टर एग' हे नाव मिळाले आणि ते रूढ झाले. याहून जुनी उदाहरणेही आता उजेडात आली आहेत, परंतु या प्रथेला नाव आणि प्रतिष्ठा मिळाली ती या प्रसंगाने.

मराठी वाचकाला या कक्षाचा अर्थ लावण्यासाठी ईस्टरपर्यंत जाण्याची गरज नाही. अभंगाच्या अखेरीस येणारी नाममुद्रा हे आपल्या काव्यपरंपरेतील कर्तृत्वाचे चिन्ह आहे. नामदेव, जनाबाई, चोखामेळा, तुकाराम यांच्या रचना आपण ओळखतो त्या प्रथम मुद्रेवरून. मुद्रा ही रचनेच्या बाहेर, मुखपृष्ठावर, नसते. ती छंदाचाच भाग असते, म्हणून रचना मौखिक परंपरेत कितीही फिरली तरी नाव तिच्यासोबत फिरते. रॉबिनेट यांच्यापाशी मुखपृष्ठ नव्हते. त्यांनी नाव संहितेच्या आत गुंफले. फरक एवढाच की संतांची मुद्रा उघड आहे आणि ही गुप्त. जेथे नाव सांगण्याची मुभा असते तेथे मुद्रा शेवटच्या चरणात येते. ती मुभा नसते, तेथे ती भिंतीआड जाते. दडवलेल्या तपशिलाकडे केवळ गंमत म्हणून पाहणाऱ्यांच्या दृष्टीतून श्रम आणि श्रेय यांचा हा संबंध निसटतो.

३. गाळलेले, तरीही उरलेले

गाळलेल्या मजकुराचे स्वरूप समजण्यासाठी खेळाच्या घडणीविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. व्हिडिओ गेममध्ये स्थूलमानाने दोन प्रकारची द्रव्ये असतात. पहिल्या प्रकारात चित्रे, आकृती, ध्वनी, संवाद, नकाशे अशी सामग्री येते. दुसऱ्या प्रकारात ही सामग्री केव्हा, कोणत्या अटीवर खेळाडूसमोर आणायची हे ठरवणाऱ्या आज्ञा येतात. प्रकाशनाची तारीख जवळ आली असता एखादा प्रसंग वगळायचा ठरला, तर त्याची सर्व सामग्री उपसून काढणे धोक्याचे असते. तीच सामग्री अन्यत्र वापरलेली असू शकते आणि एक वस्तू काढल्याने दुसरीकडे बिघाड होण्याचा संभव असतो. शिवाय प्रत्येक बदलानंतर पुन्हा चाचणी घ्यावी लागते. म्हणून सोपा उपाय योजला जातो. प्रसंगाकडे नेणारा दुवा तोडला जातो. दार भिंतीने बुजवले जाते, खोली तशीच राहते.

अशी बुजवलेली खोली उघडली गेल्यास काय होते, हे 'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रिआस' या खेळाच्या प्रकरणात दिसून आले. ऑक्टोबर २००४ मध्ये आलेल्या या खेळातील एक लैंगिक प्रसंग निर्मात्यांनी वगळला होता, म्हणजे निष्क्रिय करून ठेवला होता. २००५ च्या जूनमध्ये संगणकावरील आवृत्ती आल्यानंतर एका हौशी तंत्रज्ञाने आज्ञांमध्ये किरकोळ बदल करून तो सक्रिय करण्याची युक्ती प्रसृत केली. हा प्रसंग बाहेरून घुसडलेला नसून मूळ तबकडीवरच होता, हे लवकरच सिद्ध झाले. अमेरिकेतील श्रेणी मंडळाने २० जुलै २००५ रोजी खेळाची श्रेणी सतरा वर्षांवरील खेळाडूंऐवजी केवळ प्रौढांसाठी अशी बदलली आणि मोठ्या दुकानांनी तो विक्रीतून काढून घेतला. पुढे त्या प्रसंगाविना नवी आवृत्ती काढावी लागली.

मंडळाच्या या निर्णयात एक वाङ्मयीन गृहीतक दडलेले आहे. तबकडीवर जे आहे ते सर्व संहिता होय, कर्त्याने ते सादर केले असो वा नसो, असे ते गृहीतक. याच्या नेमका उलट पेच आपल्याकडे विजय तेंडुलकर यांच्या 'सखाराम बाइंडर'च्या वेळी १९७२ नंतर उद्भवला होता. परिनिरीक्षण मंडळाने त्या नाटकात ३२ ठिकाणी काटछाट सुचवली आणि कमलाकर सारंग प्रभृतींना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. निकाल नाटकाच्या बाजूने लागला. तेथे कर्त्याला जे म्हणायचे होते ते अधिकाऱ्यांनी गाळू पाहिले. येथे कर्त्याने स्वतः जे गाळले ते त्याच्या माथी म्हटलेले म्हणून मारले गेले. दोन्ही प्रकरणांत संहितेची सीमा ठरवण्याचा अधिकार कर्त्याकडून काढून घेतला जातो. खर्ड्यातील खोडलेल्या ओळीसाठी कवीला जबाबदार धरणे आपल्याला अन्यायाचे वाटते. तेच तत्त्व तबकडीला लावायचे की नाही, हे ठरवल्याशिवाय या क्षेत्रात समीक्षेला पुढे जाता येणार नाही.

४. पुनःस्थापनेचा पेच

भिलाईच्या त्या विद्यार्थ्याने दाखवलेला खेळ 'स्टार वॉर्स : नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २ – द सिथ लॉर्ड्स' हा होता. ऑब्सिडियन या संस्थेने तो अल्पावधीत सिद्ध केला आणि डिसेंबर २००४ मध्ये तो नाताळच्या हंगामात बाजारात आला. घाईच्या खुणा संहितेत स्पष्ट होत्या. यंत्रमानवांचा एक संपूर्ण ग्रह वगळला गेला होता. नायकाचा पाठलाग करणारे मारेकरी यंत्रमानव कोठे घडतात, या रहस्याची पूर्वतयारी कथेत होती, पण ज्या कारखान्यात ते उलगडायचे तो कारखाना नव्हता. शेवटच्या भागातील सोबत्यांचे परस्परसंघर्ष खंडित झाले होते. कथेत प्रश्न उरले होते आणि त्यांची उत्तरे मुद्रित संवादांच्या रूपाने तबकडीवर विखुरलेली होती.

हौशी अभ्यासकांच्या गटांनी अनेक वर्षे खपून हे तुकडे जुळवले आणि पुनःस्थापित आवृत्ती विनामूल्य उपलब्ध केली. त्यांची कार्यपद्धती आपल्या अभ्यासकांनी आवर्जून पाहावी अशी आहे. कारखाना आणि अखेरचे प्रसंग यांची बरीच मूळ सामग्री शिल्लक होती, म्हणून ते मुख्य पुनःस्थापनेत घेतले गेले. यंत्रमानवांच्या ग्रहाची गोष्ट वेगळी होती. तो खेळण्याजोगा करायचा तर बरेच काही नव्याने रचावे लागणार होते. म्हणून तो स्वतंत्र जोडणी म्हणून ठेवण्यात आला. ज्याला हवा त्याने तो जोडावा, मुख्य पाठात तो नाही.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीशी परिचय असलेल्या वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल. पुण्यात १९१९ साली आरंभलेले आणि १९६६ साली पूर्ण झालेले हे कार्य १,२५९ हस्तलिखितांच्या तुलनेवर उभे आहे. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेल्या वि. सी. सुकथनकरांनी जी पद्धती घालून दिली, तिच्यात सर्व शाखांच्या साक्षीने टिकणारा पाठ वर आणि बाकीचा तळटीपांत किंवा परिशिष्टांत, अशी विभागणी आहे. अनेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की या आवृत्तीने काहीही नष्ट केलेले नाही. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथा आदिपर्वाच्या परिशिष्टात आहे. गंमत अशी की, लेखनिकाला थबकायला लावण्यासाठी व्यासांनी ८,८०० कूटश्लोक रचले, ही दडवलेल्या अर्थाची भारतीय परंपरेतील बहुधा सर्वांत प्रसिद्ध कथा त्याच वगळलेल्या भागात येते. फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादित केलेल्या सभापर्वात द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचा भागही मुख्य पाठात नाही. वस्त्रे प्रकट होतात, पण ती कृष्णाने पुरवल्याचे मुख्य पाठ म्हणत नाही. कृष्ण तळटीपेत आहे.

दोन्ही कार्यांत एक महत्त्वाचा भेदही आहे. महाभारताचे संपादक नंतर जोडलेले काढून जुन्याकडे जात होते. खेळाचे पुनःस्थापक कधीच प्रसृत न झालेले जोडून एका अपूर्ण संकल्पाकडे जात होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत स्वतःची ओवी घालू नये असे बजावले. त्यांची चिंता प्रक्षेपाची होती. येथे चिंता लोपाची आहे. लोप भरून काढणारा प्रामाणिक संपादक केव्हा सहकवी होतो, हे त्याचे त्यालाही कळणे कठीण असते. पुनःस्थापकांनी तो ग्रह वेगळा ठेवला, यात त्या सीमेचे भान दिसते.

या आवृत्तीला अधिकृत मान्यता मिळण्याची वेळही येऊन गेली. अ‍ॅस्पायर या कंपनीने २०२२ च्या जूनमध्ये हा खेळ निन्टेंडो स्विच यंत्रासाठी आणताना पुनःस्थापित मजकूर नंतर विनामूल्य देण्याचे जाहीर केले आणि २०२३ च्या जूनमध्ये तो बेत रद्द झाला. परिशिष्ट मुख्य ग्रंथाच्या दारापर्यंत येऊन परत गेले.

५. पंडवानीची साक्ष

भिलाईत बसून महाभारताच्या परिशिष्टांविषयी लिहिताना पंडवानी डोळ्यांआड करता येत नाही. तीजनबाईंचे गनियारी हे गाव भिलाईजवळचेच. त्या भिलाई पोलाद कारखान्याच्या सेवेत होत्या आणि २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पंडवानीच्या दोन शैली मानल्या जातात. वेदमती शैली सबलसिंह चौहान यांच्या महाभारताचा आधार घेते. कापालिक शैलीत कथा गायकाच्या कपाळात, म्हणजे स्मरणात, असते आणि सादरीकरणात ती घडत जाते. तीजनबाई दुसऱ्या शैलीच्या. हातातील तंबुरा कधी भीमाची गदा होतो, कधी अर्जुनाचे धनुष्य.

एका रात्रीत संपूर्ण महाभारत गाता येत नाही. प्रत्येक सादरीकरण म्हणजे एका प्रसंगाची निवड आणि इतर सर्वांचा त्याग होय. परंतु हा त्याग कायमचा नसतो. आज न गायलेला प्रसंग गायकाच्या स्मरणात सज्ज असतो आणि उद्या दुसऱ्या गावात येतो. पुण्याच्या आवृत्तीत तळटीपेत गेलेला कृष्ण छत्तीसगडच्या मंचावर द्रौपदीच्या हाकेला धावून येतो आणि श्रोत्यांपैकी कोणालाही तो प्रक्षिप्त वाटत नाही. शिवाय येथे 'रागी' असतो. तो हुंकार देतो, मध्येच विचारतो, पुढे काय झाले म्हणून कथेला ढकलतो. गायक कोणत्या दिशेने जाणार हे काही अंशी त्याच्या प्रश्नांवर ठरते. व्हिडिओ गेमच्या खेळाडूचे स्थान वाचकापेक्षा या रागीला अधिक जवळचे आहे. तो विचारतो म्हणून संहिता उलगडते. त्याने एखादे दार ठोठावलेच नाही, तर त्यामागचा प्रसंग त्याच्यापुरता गाळलेलाच राहतो.

अशा प्रकारे न सादर झालेल्या मजकुराची तीन निधाने आपल्यासमोर येतात : गायकाचे स्मरण, संपादकाचे परिशिष्ट आणि खेळाची तबकडी. पहिले सजीव आहे, पण माणसागणिक नष्ट होणारे. दुसरे चिरस्थायी आहे, पण तज्ज्ञांपुरते. तिसरे हाती आलेल्या प्रत्येकाच्या घरी आहे, पण तेथे काय आहे याची बहुतेकांना जाणीव नाही.

६. जतनाचा प्रश्न

तिसऱ्या निधानाची स्थितीही आता पालटली आहे. खेळ तबकडीवर येण्याऐवजी थेट जाळ्यावरून उतरवले जाऊ लागले, तेव्हापासून प्रत्येक सुधारणा मागील पाठ पुसून त्याच जागी बसते. कोनामी कंपनीचा 'पी. टी.' हा लघुखेळ ऑगस्ट २०१४ मध्ये विनामूल्य उपलब्ध झाला आणि २०१५ मध्ये दुकानातून काढून टाकला गेला. ज्यांच्या यंत्रात तो आधीच होता, त्यांच्यापाशीच तो राहिला. अवघ्या वर्षभरात एका जगप्रसिद्ध कृतीची स्थिती दुर्मिळ पोथीसारखी झाली.

हा प्रश्न दूरदेशीचा नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक' हा खेळ २०२० साली आला. भावाला असुराच्या तावडीतून सोडवणाऱ्या मुलीची ही कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या निवेदनातून उलगडते, तिचे कथाभाग छायाबाहुल्यांच्या रूपात येतात आणि वाटेतील भित्तिचित्रांपाशी थांबणाऱ्या खेळाडूला देवतांच्या कथा ऐकू येतात. घाईने पुढे जाणाऱ्याला त्या ऐकू येत नाहीत. पंडवानीच्या श्रोत्याला हे तंत्र अपरिचित नाही. अशा खेळाचे खर्डे, वगळलेले प्रसंग, पहिला पाठ यांचे जतन कोण करणार? ग्रंथ सार्वजनिक ग्रंथालयांना देणे १९५४ च्या अधिनियमाने बंधनकारक केले. त्याच्या कक्षेत ग्रंथ आणि वृत्तपत्रे येतात, खेळ येत नाहीत. दुसरीकडे १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमाच्या व्याख्येनुसार संगणकीय आज्ञावली ही 'साहित्यकृती'त मोडते. कायद्याने जिला साहित्य म्हटले, तिची प्रत ठेवण्याची व्यवस्था मात्र केली नाही.

भिलाईपासून जवळच राजनांदगाव आहे. मराठी घरात जन्मून हिंदीत लिहिणारे गजानन माधव मुक्तिबोध तेथे आपल्या दीर्घ कविता पुनःपुन्हा लिहीत राहिले. त्यांचा पहिला काव्यसंग्रह १९६४ साली, त्यांच्या निधनाच्याच वर्षी, निघाला तो त्यांच्या स्नेह्यांच्या परिश्रमाने. नेमिचंद्र जैन यांनी संपादित केलेली रचनावली १९८० साली आली. कागद टिकले म्हणून हे शक्य झाले. आजचा एखादा मुक्तिबोध खेळाच्या माध्यमात काम करीत असेल, तर त्याच्या खर्ड्यांना स्नेह्यांच्या हाती पडण्याची संधी मिळेलच असे नाही.

७. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. एक, दडवलेले हे संहितेचे अंग आहे. कर्त्याने ते वाचकासाठीच ठेवले आहे आणि त्याचा अर्थ लावताना ते कोणत्या परिस्थितीत दडवावे लागले, हे पाहणे अगत्याचे आहे. दोन, गाळलेले हे संहितेचे अंग नसून संहितेच्या इतिहासाचे साधन आहे. त्याच्या आधारे कर्त्यावर दोषारोप करणे जसे अनुचित, तसेच ते मुख्य पाठात निःशंकपणे मिसळणेही अनुचित. तीन, असे असले तरी गाळलेले नष्ट होऊ देणे हे या दोहोंहून गंभीर आहे. चिकित्सक आवृत्तीचा खरा धडा निवड करण्यात जितका आहे, तितकाच न निवडलेले जपण्यात आहे.

त्या विद्यार्थ्याला आज मी असे उत्तर देईन : तो प्रसंग खेळाच्या परिशिष्टाचा भाग आहे, आणि परिशिष्ट कोणी छापले नव्हते म्हणून ते वाचकांनी छापले. सुकथनकरांच्या पद्धतीचे शिक्षण त्या वाचकांनी घेतलेले नव्हते. ज्यांनी ते घेतले आहे, त्यांनी आता या कामाकडे पाठ फिरवू नये, एवढीच अपेक्षा.